पौषातला पाऊस

जानेवारीत चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली या गावी पाऊस पडतो का, हे बघायला कंपनीने मला पुण्याहून पाठवलं. हवामान खातं म्हणत होतं, पडत नाही. आमच्या चहाचा तिथला एजंट म्हणत होता, पडतो, आणि सारखा पडतो. दोघांपैकी खोटं कोण बोलतंय हे कंपनीने ठरवूनच टाकलं होतं. फक्त एजन्सी काढून घेण्याआधी कुणीतरी प्रत्यक्ष जाऊन यावं असा एक जुना नियम होता. तो रद्द करायचं राहून गेलं होतं, म्हणून मी.

आमच्या धंद्यात दोन प्रकारची माणसं असतात. एक मोजणारी, दुसरी ऐकणारी. किती लोकांनी घेतलं हे मोजणारे सांगतात. का घेतलं हे कळायला ऐकणाऱ्यांना लोकांच्या घरी जाऊन बसावं लागतं. माझी सगळी नोकरी ऐकण्यात गेली. साबण, चहा, खोबरेल, पंखे, जे म्हणाल त्याबद्दल मी परक्या स्वयंपाकघरांत बसून बायकांशी बोलले आहे. आता मोजणं इतकं सोपं झालंय, की आमच्या खात्यातली एकेक खुर्ची रिकामी होत गेली. त्या महिन्याच्या शेवटी मीही निवृत्त होणार होते. म्हणजे युसूफभाई नावाच्या त्या एजंटचा आणि माझा निकाल एकदमच लागणार होता.

आकड्यांचं खातं अथर्व सांभाळतो. माझ्या मुलाच्या वयाचा, हुशार, अतिशय सभ्य मुलगा. सावली त्याने पडद्यावर बोटांनी मोठी करून पाहिलेली. त्याने मला सगळं समजावून सांगितलं. एजंटच्या गाडीने कोणत्या वारी कोणत्या गावाला जायचं हे फोनमध्ये ठरलेलं असतं. गाडी गेली नाही तर कारण निवडावं लागतं. युसूफभाईंची गाडी दिवाळीपासून पुन्हापुन्हा ठरलेल्या गावांना चुकवत होती आणि कारण दरवेळी एकच: पाऊस. गंमत म्हणजे नेमक्या त्याच दिवशी दुसऱ्याच कुठल्यातरी चिमुकल्या गावात चहाचे पुडे धडाधड खपत होते. यंत्राने दोन्हींची सांगड घातली, की सावलीत पाऊस पडला की चहा खपतो. ऑफिसात आनंदीआनंद झाला. ओली खिडकी, वाफाळता कप, अशी जाहिरातसुद्धा रंगवून झाली. मग कुणाला तरी हवामानाचे आकडे शेजारी ठेवून बघायची बुद्धी झाली, आणि त्या दिवसांत सावलीवर ढगदेखील नव्हता असं निघालं.

"फ्रॉड आहे मॅम," अथर्व म्हणाला. "तुम्ही फक्त फॉरमॅलिटी म्हणून जाऊन या."

मी हो म्हटलं. खरं तर चंद्रपूरचं नाव निघाल्यापासून माझं मन नसीमबाईंच्या गॅलरीत जाऊन बसलं होतं.

ऊर्जानगर

नसीमबाई म्हणजे माझे चंद्रपुरातले कान. नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा इकडे आले ती धुण्याच्या पावडरीसाठी. गप्पा मारायला काही बायका जमवून हव्या होत्या आणि ओळखीचं कुत्रंही नव्हतं. कुणीतरी ऊर्जानगरमधल्या वीज केंद्राच्या वसाहतीत नसीमबाईंचं नाव सांगितलं. त्यांचे मिस्टर केंद्रात नोकरीला. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, गॅलरीत गेल्या, चार हाका मारल्या, आणि पाण्याची घागर भरून व्हायच्या आत खोली बायकांनी भरली. तेव्हापासून चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मी जिथे जिथे गेले तिथे त्या बरोबर होत्या.

आता मिस्टर राहिले नाहीत. मुलगा त्याच केंद्रात आहे. क्वार्टर बदललं, पण लाईन तीच. सकाळी मी गॅलरीत उभी राहिले तर खाली तोच देखावा. ड्यूटीवर निघालेल्या मोटरसायकली, डबे सांभाळत कंपनीच्या बसमध्ये चढणारी माणसं, मागे चिमण्यांचा धूर. नवी होती ती फक्त थंडी. कंपन्यांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे माझं चंद्रपूर कायम उन्हाळ्यातलं, डोक्याला ओला रुमाल बांधून पाहिलेलं. स्वेटर घालून इथे उभं राहण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही शेवटच्या फेरीला, याचं मला उगाच वाईट वाटलं.

नसीमबाईंनी पोह्यांवर लालभडक तर्री ओतली. पुण्यात पोह्यांवर खोबरं भुरभुरतात आणि वर लिंबाची फोड देतात. इथे पोहे तर्रीत बुडतात. मी नाक पुसत खात होते.

"आठवते का," त्या म्हणाल्या, "तुमच्या टेपमंदी माह्या कुकरच्या शिट्ट्याच जास्त यायच्या?"

त्या कॅसेटी अजून माझ्या कपाटात आहेत. टेप चालत नाही, पण टाकवत नाहीत. त्या पहिल्या दिवशी सगळ्याजणी डाग, फेस, वास यांबद्दल बोलत होत्या आणि नसीमबाई मध्येच म्हणाल्या होत्या, "कपडे धुवाले का लागते बाई? वाळवाले जागा पाह्यजे. बाहेर टाकले का राख बसते." पुण्याला आमच्या तेव्हाच्या साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं होतं. त्या काळी दौऱ्यावरून आलं की पहिला प्रश्न असायचा, "काय म्हणाल्या बायका?" किती बायका, हे नंतर.

मी युसूफभाईंची गोष्ट सांगितली. नसीमबाई ऐकताना गालातल्या गालात हसल्या. त्यांना काहीतरी उमजलं होतं.

"सांगा ना," मी म्हटलं.

"काऊन सांगू? मी सांगतलं तं तो माहा जवाब होईन, त्याचा नाई. त्याच्याच तोंडून आयका."

हा नियम मीच त्यांना शिकवला होता. बाईंनी तो माझ्यावरच उलटवला, आणि मला त्याचा रागही आला नाही.

सावली

चंद्रपूरहून एसटीने निघालं की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी जंगल येतं. 'वाघांचा वावर, सावकाश चला' अशा पाट्या आणि त्यांच्याखाली निवांत बसलेली माकडं. मूल हे गाव मागे टाकलं की जंगल जरा मागे सरतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात. धान कापून झालं होतं. जागोजाग तणसाचे ढीग, आणि कापलेल्या धानाच्या धसकटांमधूनच उगवून आलेली लाखोरी, म्हणजे लाखेची डाळ, तिची बारीक निळी फुलं. उन्हाळ्यात मी इथे फक्त भेगाळलेली माती पाहिली होती. या जमिनीला असा निळा हंगाम असतो हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. खिडकीतून बघता बघता सावली आलं, आम्ही घाईघाईने उतरलो, बस निघाली, आणि माझी बॅग वरच्या रॅकवरच राहिली.

मी बसच्या मागे धावले. या वयात जेवढं धावता येतं तेवढंच. बॅगेत कपडे होते, रेकॉर्डर होता, आणि अथर्वच्या खात्याने छापून दिलेली प्रश्नांची चळत होती.

नसीमबाई पान लावत उभ्या. "बॅग गडचिरोलीले जाऊन राह्यली. डेपोत उतरवतीन. आपनही जाऊ मागून. घाई काय हाय?"

युसूफभाईंचं दुकान मुख्य रस्त्यावर. दाढीला मेंदी, इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि गादीच्या बरोबर मागे काचेत लावलेलं कंपनीचं जुनं प्रशस्तिपत्र. वडिलांपासूनची एजन्सी. आत गोदामात चहाचा असा वास, की डोळे मिटून तिथेच बसावं. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यांनी नोकराला हाक मारली आणि आमच्यापुढे पाणी आलं. फक्त पाणी. चहाच्या गोदामात बसून आम्ही दोघी पाणी पीत होतो. नसीमबाईंनी मला हळूच कोपर मारलं.

"एजन्सी बंद कराले आल्या न?" युसूफभाई म्हणाले. "करा. कागद आना, सही करतो."

रेकॉर्डर नव्हता, प्रश्न नव्हते. जुन्या दिवसांत मी अशीच बसायचे. पहिल्या खेपेला आम्ही पार गडचिरोलीच्या टोकाला, एटापल्लीकडे गेलो होतो. सूरजागडचा तेव्हा नुसता डोंगर होता, लोखंडाची खाण नव्हती. तिथल्या गोंड घरातल्या बायकांनी माझा एकही प्रश्न पुढे जाऊ दिला नव्हता. मला लेकरं किती, आई काय रांधते, नवऱ्याला घरी एकटं ठेवून मी कशी फिरते, असं दुपारभर त्यांनीच मला विचारलं आणि हसून हसून लोळल्या. संध्याकाळी, माझं सगळं सांगून झाल्यावर, त्या आपणहून बोलायला लागल्या. समोरच्याने बोलावं वाटत असेल तर आधी आपण आपलं काहीतरी द्यावं लागतं, हे मी तिथे शिकले.

म्हणून मी युसूफभाईंना खरं ते सांगितलं. मी या महिन्याअखेर घरी बसणार आहे. माझ्या जागी कुणी येणार नाही. माझी बॅग गडचिरोलीला गेली आहे. आणि मला कुणी काही सांगितलं नाही तर मी इथून रिकामी परत जाणार आहे.

ते म्हणाले, "तुमालेही काढून राह्यले?"

"काढत नाहीत. वय झालं."

"थेच थे." त्यांनी नोकराला चहा सांगितला. मग एकाएकी पुढे झुकले. "बाई, ठंडीत पानी आला असं मी लिवलं. झूट हाय. कबूल. पन झूट काऊन लिवलं, हे पुन्याहून एकानंही इचारलं नाई."

"का लिहिलं?"

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्यापुढे धरला. "पाहा. इथी कारनं हायेत. एक दाबल्याशिवाय पुढं सरकतच नाई. पयले मी 'दुकान बंद' दाबलं. तं कंपनीनं थे दुकानच काढून टाकलं, मले परत जोडाले महिना गेला. मंग 'माणूस रजेवर' दाबलं. तं फोन आला, तुमची मानसं रजाच घेऊन राह्यली. 'माल खराब' दाबलं तं माल न्याले गाडी पाठवली. राह्यला पाऊस. पानी आला म्हनलं का कोनी सवाल करत नाई. बस, मी थेच दाबत गेलो."

"आणि खरं कारण?"

"मंडई."

पुण्याच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी दिसते. इथली मंडई म्हणजे गावाचा जत्रेचा दिवस. धान घरात आलं की दिवाळीनंतर एकेक गाव आपापला दिवस ठरवतं. त्या दिवशी लेकी-जावई, सोयरे-धायरे सगळे येतात आणि रात्री मांडवात नाटक होतं. आज या गावाची, परवा त्या गावाची, असं थंडीभर चालतं. मंडईच्या दिवशी शेजारपाजारची गावं तिकडे लोटतात, म्हणजे त्या गावांत गाडी नेऊन उपयोग नाही. युसूफभाई गाडी घेऊन मंडईच्या गावाला जातात. फोनला मात्र वार कळतो, मंडई कळत नाही.

चहा आला. गोदामातला खास असावा. नसीमबाई माझ्याकडे बघून भुवया उडवत होत्या.

"उद्या मंडई हाय," युसूफभाई म्हणाले. "चला जी. डोळ्यानं पाहा."

मंडई

गावाचं नाव लिहीत नाही. सुमनबाईंनीच बजावलंय, नाहीतर पुढच्या वर्षी पुण्याचेही पाहुणे यायचे. सुमनबाईंचं घरातच किराणा दुकान आहे आणि युसूफभाई दर मंडईला माल घेऊन त्यांच्याकडेच उतरतात. माझे कालचेच कपडे बघून त्यांनी काही न विचारता स्वतःची जांभळी साडी माझ्या अंगावर टाकली. झालं, मी पाहुण्यांतलीच एक झाले. उन्हात बसून लाखोरीची भाजी निवडली, वडा-भात खाल्ला. गरम भातावर वडा कुस्करायचा आणि वरून लसणाची कडकडीत फोडणी ओतायची. मी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा सुमनबाई इतक्या खूश झाल्या, की तिसऱ्यांदा न विचारताच वाढला.

मग सुमनबाईंबरोबर आमचं घरोघर जायचं सुरू झालं. मंडईला आलेला पाहुणा एका घरी बसून राहत नाही. ज्याची ओळख आहे त्याच्या घरी तो जातो, आणि ज्याची नाही त्याच्या दारावरून जाताना तो घरात ओढला जातो. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? इथे विचारत नाहीत. बसायच्या आधी कप हातात येतो. एरवी यातली कितीतरी घरं कोरा चहा पितात, तोही बाजारातल्या सुट्या पत्तीचा. आज दूध होतं, साखर दाबून होती, आणि चुलीशेजारी आमच्या कंपनीचा पुडा, नाव पाहुण्याला दिसेल असा ठेवलेला. मी किती कप प्यायले ते मलाच आठवत नाही.

गल्लीच्या टोकाला सीताबाईंचं घर होतं. एकट्याच बसल्या होत्या. आम्ही दिसताच लगबगीने उठल्या, कप भरला आणि माझ्यापुढे धरला. मी पुणेरी सवयीने हात जोडून म्हटलं, "नको हो, आत्ताच झाला."

सीताबाईंनी कप खाली ठेवला, पदराने कान झाकले. आम्ही दोन शब्द बोलून निघालो.

कोपऱ्यावर वळल्यावर सुमनबाई थांबल्या. "बाई, रागावू नका. पन चहाले नाई म्हनू नये आज. दोन घोट घ्याचे अन् कप खाली ठेवाचा. मंडईले तिच्या घरून मानूस तसाच गेला, असं झालं ना थे."

मग त्यांनी सांगितलं. सीताबाईंची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं तेलंगणात मिरची तोडायला गेली आहेत. यंदा मालकाने मंडईला सोडलं नाही. लेक दूर दिली आहे, तीही आली नाही. "सकाळीच माह्या दुकानातून मोठा पुडा नेला तिनं. म्या म्हनलं, लहान घे न वो, कोन हाय यंदा? तं म्हने, मंडईच्या दिवशी लहान पुडा कसा आनू?"

मला एकदम कानकोंडं झालं. युसूफभाईंच्या गाडीतून सुमनबाईंच्या दुकानात, तिथून सीताबाईंच्या चुलीशी, असा तो पुडा गेला होता. पुण्याच्या पडद्यावर तो खपला म्हणून दिसणार होता, हिरव्या ठिपक्यात. खपला हे खरंच होतं. पण त्यातला चहा प्यायला कुणी आलं नव्हतं, आणि जी एक आली तिने हात जोडले होते.

मी परत गेले. नसीमबाईही आल्या. मी सीताबाईंना म्हटलं, "तुमच्या हातचा घेतलाच नाही की मी." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. थंड झालेला कप त्यांनी अंगणात ओतला आणि नव्याने आधण ठेवलं. आम्ही तिघी चुलीशी बसलो. मी काही विचारलं नाही. त्या मुलांबद्दल बोलत राहिल्या. धाकट्याला तिखटाने डोळ्यांचा त्रास होतो, तरी गेला. मोठ्याची पोरगी नाटकातली गाणी म्हणते. माझा चहा संपला तशी त्यांनी परत ओतला, आणि मी घेतला.

संध्याकाळी युसूफभाई मांडवापाशी भेटले. पुढची खुर्ची धरून बसले होते, अत्तर लावून. नाटकातला मुख्य नट कोणता, खलनायक किती नामी, सगळं त्यांनी आम्हाला ऐकवलं. नसीमबाई म्हणाल्या, "भाऊ, माल तं सकाळीच उतरवला. अजून इथी कायले?"

ते लाजले. मेंदीच्या दाढीतूनही कळलं. "आता तुमाले काय सांगू. धंदा हाय, थे खरंच हाय. पन नाटक नसतं तं मी मानूस पाठवला असता. लहानपनापासून एक मंडई सोडली नाई म्या." मग घाईने, "हे नका लिवू जी."

अहवालात मी नाही लिहिलं. सुमनबाईंच्या स्वयंपाकघरात पाहुण्या बायकांच्या रांगेत मला जागा मिळाली आणि पडदा उघडायच्या आतच झोप लागली.

गडचिरोली

बॅग डेपोच्या खोलीत सुखरूप होती. कंडक्टरने तिच्यावर 'पुण्याची बाई' अशी चिठ्ठी चिकटवली होती. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, मग कसं कळलं? नसीमबाई म्हणाल्या, "तुमी बसच्या मांगं धावता धावता पुन्याच्या मराठीत ओरडून राह्यल्या होत्या न."

डेपोबाहेर लोखंडाची माती भरलेले ट्रक एकामागोमाग एक जात होते, सूरजागडकडून येणारे. त्या डोंगराच्या पायथ्याशी बसून ज्या बायकांनी मला दुपारभर हसवलं त्या आता कुठे असतील, असं मी म्हटलं. नसीमबाईंनाही माहीत नव्हतं. परतताना वैनगंगेच्या पुलावर आम्ही रिक्षा थांबवली. पात्रात पाणी थोडं, वाळू फार. पहिल्या खेपेला इथेच आम्ही डबा सोडून जेवलो होतो.

"आता नाई येनार न तुमी?" नसीमबाईंनी विचारलं.

"आता मला कोण पाठवणार?"

"कोनी पाठवाले काऊन लागते?"

मला रडू आलं. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, धुळीनं झालं बाईले, चाल तू.

पुणे

ऑफिसात मी सगळं सांगितलं. अथर्वने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि अपेक्षित तेच विचारलं. "पण मॅम, तुम्ही एकच गाव पाहिलंत. सॅम्पल फार लहान आहे."

"बरोबर आहे," मी म्हटलं. "किती गावांत मंडई होते ते मी सांगू शकत नाही. ते तू मोज. पण काय मोजायचं, ते तुला आता कळलंय." आणि मग मी त्याला सीताबाईंच्या पुड्याबद्दल सांगितलं. ते माझ्या अहवालात नव्हतं, कारण ते कुठल्या मथळ्याखाली घालायचं मला सुचलं नव्हतं. त्याने पडद्यावर तो हिरवा ठिपका शोधून मोठा केला.

युसूफभाईंची एजन्सी राहिली. फोनमधल्या कारणांत 'मंडई' हे एक कारण वाढलं. ओल्या खिडकीची जाहिरात गुंडाळली गेली. मला शाल-श्रीफळ मिळालं, अथर्वने छान भाषण केलं, आणि ऐकणाऱ्यांच्या खात्याची खोली बैठकांसाठी दिली गेली.

हे सगळं इथे संपलं असतं. पण श्रावणात अथर्वचा फोन आला.

"मॅम, सावलीला मंडई सुरू आहे."

"आता? अरे, ती थंडीत असते."

"तेच तर. गाडी कुठेच जात नाहीये आणि कारण रोज मंडई. विक्री मात्र शून्य. वरचे म्हणतायत, हा माणूस पुन्हा खेळतोय."

मी फोन ठेवला आणि युसूफभाईंना लावला. पलीकडून पत्र्यावर पाणी आदळल्याचा एवढा आवाज येत होता, की त्यांना ओरडून बोलावं लागत होतं. वैनगंगेला पूर आला होता. रस्ते पाण्याखाली, गाडी दारात उभी.

"अहो मग 'पाऊस' दाबा ना!" मीही ओरडले. "खराखुरा पाऊस पडतोय!"

पलीकडून ते म्हणाले, "हिंमत नाई होत, बाई. पावसापायी एकदा झूटा ठरलो न मी. आता खरा पडला तरी बोट तिकडं जात नाई. मंडई तुमी मंजूर करून देल्ली, तं थेच दाबतो."

मी अथर्वला हे जसंच्या तसं सांगितलं. वर माझं काही जोडलं नाही. त्याने कारण दुरुस्त करून घेतो म्हटलं, वरच्यांशी बोलतो म्हटलं.

"मॅम," तो म्हणाला, "पूर ओसरला की मीच जाऊन येतो. नसीमबाईंचा नंबर आहे तुमच्याकडे?"

नंबर मला पाठ होता. तो मी त्याला दोनदा सांगितला, आणि लिहून घेतलेला परत म्हणून दाखवायला लावला.